चर्चच्या दाराला लावलेला दगड

इंग्रज लोक जुन्या गोष्टी फार जपतात, असं आमच्याकडे समजतात. मीही समजत होते. मग लग्न होऊन इंग्लंडला आले आणि नवऱ्याने मला खेडोपाडीची चर्चं दाखवायला सुरुवात केली. तेव्हा कळलं की जपतात हे खरं, पण कशासाठी वापरून जपतात ते विचारू नये.

हजारेक वर्षांपूर्वी, नॉर्मन लोक इथं येण्याच्याही आधी, इथल्या कारागिरांनी दगडाचे उंच क्रूस कोरून उभे केले होते. त्यांवर वेली, एकमेकांत गुंतलेल्या दोऱ्यांसारखी वीण, मधूनच एखादा संत, एखादा स्वतःची शेपटी चावणारा प्राणी. पुढच्या पिढ्यांनी मोठी चर्चं बांधायला काढली. खाणीपर्यंत कोण जाणार, म्हणून हेच क्रूस फोडले आणि भिंतीत घातले. एका चर्चमध्ये असा तुकडा मनोऱ्याच्या जिन्याची पायरी झाला आहे, आणि घंटा वाजवणारे शतकानुशतकं एका संताच्या नाकावर पाय देऊन वर जाताहेत. दुसऱ्या ठिकाणी कोणाच्या तरी थडग्याचं झाकण खिडकीवर आडवं टाकलं आहे. तिसरीकडे एक देवदूत चक्क उलटा बसवला आहे, डोकं खाली आणि पंख वर. त्याच्या शेजारी पाटी आहे, की भिंत फार जुनी आहे, कृपया हात लावू नये.

माझा नवरा भूल देणारा डॉक्टर होता. आयुष्यभर मी त्याला ‘अहो’ म्हटलं, इथं ‘तो’ लिहिते आहे. आता हरकत घ्यायला कोणी नाही. आठवडाभर तो माणसांना झोपवायचा आणि रविवारी दगडांना जागं करायला निघायचा. महाराष्ट्र मंडळातले बाकीचे डॉक्टर रविवारी कोणाच्या तरी घरी जमून पावभाजी खात आणि कोणाच्या मुलाला कुठल्या शाळेत प्रवेश मिळाला त्यावर बोलत. आमचे डॉक्टर ओल्या गवतात पालथे पडून भिंतीच्या तळाशी टॉर्च धरत. टॉर्च समोरून मारायचा नाही, बाजूने तिरका मारायचा, म्हणजे झिजलेल्या रेघांच्या सावल्या पडतात, हे मला इतक्या वेळा सांगून झालं होतं की मीही कोणालाही भूल न देता समजावू शकले असते. मी मागच्या बाकावर पुस्तक वाचत बसे. मी लायब्ररीत नोकरी केली. सोमवार ते शुक्रवार जे करायची तेच रविवारी करायची, फक्त थंडी जास्त असे.

त्याचा देवावर विश्वास नव्हता. भारतात गेलो की सगळे देवळात जात आणि हा बाहेर चपला सांभाळत उभा राही. त्याची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, वॉटफर्डला राहतात. त्यांना ही गोष्ट कधीच पचली नाही.

“आपल्या देवळात पाऊल टाकत नाहीस, आणि त्या लोकांच्या चर्चात लोळतोस,” त्या म्हणायच्या.

“तिथं चपला काढाव्या लागत नाहीत, ताई.”

निवृत्त झाल्यावर आम्ही वॉटफर्ड सोडलं आणि मिडलंड्समधल्या एका खेड्यात राहायला गेलो. घर बघताना लोक दुकान बघतात, स्टेशन बघतात. आमच्या गावात दोन्ही नव्हतं. चर्च होतं, आणि दुपारी ते उघडं ठेवायला त्यांना माणूस हवा होता. ज्या माणसाने घरातल्या देव्हाऱ्याचा दिवा कधी लावला नाही, त्याच्याकडे अशा रीतीने चर्चची किल्ली आली. आठवड्यातून काही दुपारी तो तिथं खुर्ची टाकून बसायचा. आलेल्यांना माहिती सांगायची हे त्याचं काम. येणारे बहुतेक बाथरूम कुठे आहे ते विचारत.

त्या चर्चचं दार ओकच्या जाड फळ्यांचं आहे. जमिनीला उतार असल्यामुळे ते आपोआप मिटतं आणि बंदूक उडावी तसं आपटतं. म्हणून त्याला एक दगड लावलेला असे. नारळापेक्षा थोडा मोठा, एका बाजूने सपाट. दर वेळी भिंतींना चुना दिला की उरलेला चुना त्यालाही बसे. कोणाच्याही आठवणीत तो दगड तिथंच होता आणि सगळे त्याला बुटाच्या टोकाने सरकवत. माझ्या नवऱ्याने एकदा हाताने सरकवला. बोटाला चुन्याखाली काहीतरी उंचवटा लागला. न दिसणाऱ्या शिरा बोटांनी शोधण्यात त्याचा जन्म गेला होता. तो तिथंच फरशीवर बसला.

घरी आला तो जेवायलाच तयार होईना. “वीण आहे,” म्हणाला. “चुन्याखाली वीण आहे. मी सांगतो तुला.”

“अहो, पण भात.”

“क्रुसाचा तुकडा आहे तो. आणि आम्ही त्याला लाथा मारतोय.”

चर्चचा कारभार बघणारी पंचकमिटी असते आणि तिच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. वॉर्डनबाई म्हणू. त्यांनी त्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘किती छान’ म्हणाल्या. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं काढली की ‘किती छान’चे प्रकार ओळखता येतात. हा दार लावून घेण्याचा प्रकार होता. त्याला दगड घरी नेऊन तिरक्या दिव्यात फोटो काढायचे होते. आता, या चर्चमध्ये साधा खिळा ठोकायचा तरी वरच्या कचेरीची परवानगी लागते, आणि ती यायला खिळा गंजेपर्यंत वेळ लागतो. पण दाराचा दगड हा कोणाच्याच हिशेबात नव्हता.

“घेऊन जा,” बाई म्हणाल्या. “रविवारच्या आत आणा, म्हणजे झालं. दार आपटतं.”

त्याने जेवणाच्या टेबलावर दगड ठेवून फोटो काढले, विद्यापीठातल्या कोणा तज्ज्ञ बाईंना पाठवले आणि दगड जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवला, परत द्यायला. शनिवारी सकाळी चहा गाळता गाळता तो गेला. ज्याने इतक्या लोकांना हलकेच झोपवलं त्याला स्वतःला काही पूर्वतयारी करावी लागली नाही.

रविवारी दार आपटलं असणार.

इथं मेल्यावरही अपॉइंटमेंट लागते. स्मशानातली वेळ मिळायला बरेच दिवस गेले. तोवर वन्सं येऊन राहिल्या आणि लंडनहून मुलगा आला. वन्संनी ईलिंगचे गुरुजी ठरवले. हे गुरुजी आठवडाभर एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळतात आणि सुट्टी घेऊन लोकांना स्वर्गात पोचवतात. मला विचारलं असतं तर मी काहीच करू नका म्हटलं असतं, त्याचीही तीच इच्छा असणार. पण मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर कोणीतरी काहीतरी ठरवतंय हे मला बरंच वाटत होतं.

स्मशानाच्या हॉलमध्ये मी पहिल्या बाकावर बसले होते. वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला होता की रडायचं की सोडवायचं हे कळत नव्हतं. बाहेर गाड्या लावायच्या जागेत गुरुजी मुलाकडून मडक्याचा विधी करून घेत होते, कारण आत पाणी सांडायला मनाई होती. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरायचं, दर फेरीला दगडाने त्याला एक भोक पाडायचं. तो दगड म्हणजे अश्मा, जीवखडा. तो टाकायचा नसतो. पुढचे दहा दिवस गेलेला माणूस त्या दगडात असतो असं मानतात, त्याला रोज तिळाचं पाणी द्यायचं आणि दहाव्या दिवशी नदीत सोडायचा.

तिथं बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. गुरुजींनी मडकं आणलं होतं, तीळ आणले होते, दर्भ आणले होते, आणि पेन्सिलीएवढी लाकडंसुद्धा आणली होती. दगड आणला नव्हता. दगड कुठेही मिळतो. पण इंग्लंडच्या स्मशानात मिळत नाही. तिथल्या बागेतला प्रत्येक दगड कोणाच्या तरी आजोबांच्या आठवणीसाठी ठेवलेला होता आणि खाली नाव होतं. मुलगा गाडीकडे गेला आणि डिकीतून दगड घेऊन आला.

मग तो दगड आमच्या बागेतल्या शेडमध्ये राहिला, कापडाखाली, तांब्याच्या ताम्हनात. अश्मा घरात आणत नाहीत. रोज सकाळी मुलगा ऑफिसची पहिली मीटिंग सुरू व्हायच्या आधी शेडमध्ये जाई, फोन कुंडीला टेकवून ठेवी, आणि ईलिंगहून गुरुजी मंत्र म्हणत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पाठ बघत असे. दहाव्या दिवशी गावाच्या टोकाच्या दगडी पुलाखाली नदीत अस्थी सोडल्या आणि दगडही सोडला. मी काठावर होते. दगड कापडात होता. तो पाण्यात गेल्याचा आवाज झाला, आणि वन्सं म्हणाल्या, “सुटला.”

पुढच्या आठवड्यात वॉर्डनबाई लिंबाचा केक घेऊन आल्या. इंग्रज माणूस दुःखात केक आणतो आणि मूळ कामावर तिसऱ्या कपाला येतो. पहिल्या कपाला त्या माझ्या नवऱ्याबद्दल बोलल्या, दुसऱ्याला हवेबद्दल. तिसऱ्याला म्हणाल्या, “एक अगदीच क्षुल्लक गोष्ट. तो दाराचा दगड.”

मी म्हटलं, असेल इथंच कुठेतरी.

“आम्ही सध्या जुनी प्रार्थनेची पुस्तकं रचून ठेवली आहेत,” त्या म्हणाल्या. “पण ती सरकतात.” मग म्हणाल्या, “विद्यापीठातल्या त्या बाईंचा फोन आला होता. फोटो बघून त्या फारच उत्साहात आहेत. आपला क्रूस बघायला पुढच्या महिन्यात येणार आहेत.”

आपला क्रूस. त्या माणसाचं सगळं ऐकून ‘किती छान’ म्हणणाऱ्या बाईंचा, आणि लाथा मारणाऱ्या सगळ्या गावाचा, आता क्रूस होता.

त्या गेल्यावर मी गाडीची डिकी उघडली. त्यात छत्री होती, त्याचे चिखलाचे बूट होते. टॉवेल नव्हता. मी मुलाला फोन केला.

“बाबांच्या डिकीत टॉवेलमध्ये एक दगड होता. तू बघितलास?”

“हो,” तो त्याच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाला. “तोच युज केला ना.”

“कशाला?”

“मडकी फोडायला. आई, टॉवेलमध्ये नीट रॅप केलेली होता. मला वाटला बाबांनीच रेडी ठेवला आहे. यू नो, बाबा कसे आहेत. सगळा आधीच ऑर्गनाइज करतात.”

मी त्याला रागावणार होते. जमलं नाही. त्याच्या हिशेबात बापाने जाताना स्वतःचा दगड धुऊनपुसून, टॉवेलमध्ये बांधून, मुलाला सापडेल असा ठेवला होता. याहून चांगलं मत माझ्या नवऱ्याबद्दल कोणी कधी व्यक्त केलं असेल असं मला वाटत नाही.

वॉर्डनबाईंच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. मडकं, तीळ, दहा दिवस, सगळं. त्यांनी कप बशीत ठेवला.

“नदीत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“कुठल्या?”

“आपल्याच. पुलाखाली.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “लांबची असती तर जरा गैरसोय झाली असती.” मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “तसं पाहिलं तर कागदोपत्री तो दगड चर्चमधून कधी बाहेर गेलेलाच नाही. तो बाहेर न जाताच परत आला तर सगळ्यांच्याच दृष्टीने चांगलं. अर्थात तुमच्या धर्मात चालत असेल तरच.”

माझ्या धर्मात काय चालतं हे मला कधीच नीट माहीत नव्हतं. पण मला तो दगड हवा होता. चर्चसाठी नव्हे. त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेले दगड बघितले, दुसऱ्यांच्या पाट्या वाचल्या, दुसऱ्यांना चुकीची तारीख लिहिल्याबद्दल नम्र पत्रं पाठवली आणि नम्र उत्तरंही मिळवली. हा एकच दगड त्याचा होता. तो बरोबर होता, हे कोणीतरी अधिकाराच्या माणसाने मोठ्याने म्हणावं एवढंच मला हवं होतं. फोटो पुरत नाहीत. फोटोवर त्या लोकांचा विश्वास नसतो, दगड हातात लागतो.

वन्संना फोन केला.

“वेड लागलंय का तुला?” त्या म्हणाल्या. “सुटला तो. आता त्याला गळाला लावून परत ओढायचा?”

“वन्सं, दगड आहे तो.”

“दहा दिवस पाणी पाजलं त्याला आम्ही. तेव्हा दगड नव्हता वाटतं?”

“त्याचा विश्वास नव्हता यावर. तुम्हाला माहीत आहे.”

“त्याचा नव्हता,” वन्सं म्हणाल्या. “माझा आहे. आणि दाराला लावणार तुम्ही त्याला. माझ्या भावाला. येणारे-जाणारे पाय लावणार.”

फोन ठेवला. मी शिकलेली बाई आहे, जन्मभर पुस्तकांत बसले आहे. दगडात माणूस नसतो हे मला पुराव्यानिशी सांगता येईल. तरी दुसऱ्या दिवशी मी पुलावर गेले आणि खाली वाकून बघितलं. उन्हाळ्यामुळे पाणी कमी झालं होतं. कापड वाहून गेलं होतं आणि दगड तळाशी स्पष्ट दिसत होता, शेजारी कोणाचा तरी फुटका बिअरचा ग्लास. त्याला तिथं एकटं सोडून घरी जावेना, आणि याला काही पुरावा नव्हता. मग मी रोज जायला लागले. कुत्री फिरवणारे लोक मला ओळखायला लागले.

शेवटी गुरुजींना विचारायचं ठरलं. वन्संनी ते काय म्हणतील ते मान्य करायचं कबूल केलं, कारण ते नाही म्हणतील याची त्यांना खात्री होती. गुरुजी जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओवर आले. गळ्यात बँकेचं ओळखपत्र होतं, मागे काचेची मीटिंगची खोली. वॉटफर्डहून वन्संही स्क्रीनवर होत्या, म्हणजे त्यांचं कपाळ होतं.

“विसर्जन केलेला अश्मा बाहेर काढला तर?” मी विचारलं.

“कशासाठी, काकू?”

“चर्चला द्यायचा आहे.”

गुरुजी इतका वेळ स्थिर राहिले की मला वाटलं नेट गेलं. मग मी सगळी हकीकत सांगितली. ते मान हलवत ऐकत होते.

“मी लहान खडा म्हणालो होतो,” ते म्हणाले. “यांनी पाटाच आणला. मला तेव्हाच वाटलं होतं.”

“पण काढला तर चालेल का?”

“काकू, दहा दिवस ते काका होते. काम झालं, काका पुढे गेले. ते त्या दगडापाशी वाट बघत थांबायला रिकामे नाहीत. गणपती बोळवला की पुढे मूर्तीचं आपण काय करतो? काही नाही. माती आहे ती. फक्त दगड घरात आणू नका.”

“आणि चर्चात?” वन्संचं कपाळ म्हणालं.

“चर्चाबद्दल ग्रंथात काही नाही.”

“म्हणजे चालतं?”

“म्हणजे काही नाही,” गुरुजी म्हणाले. “काढायच्या आधी नदीत थोडे तीळ सोडा आणि सांगा त्यांना, कशासाठी काढतोय ते. न सांगता काढू नका. मला दोनला मीटिंग आहे.”

वन्संनी शब्द पाळला, पण अट घातली. त्या असल्याशिवाय दगडाला कोणी हात लावायचा नाही, आणि पाय तर कोणीच कधीच लावायचा नाही. ही दुसरी अट मी वॉर्डनबाईंना कळवली. त्या म्हणाल्या, आता तो हजार वर्षांचा आहे म्हटल्यावर पाय लावायचा प्रश्नच येत नाही. काचेच्या पेटीत राहील. म्हणजे दगडाचा मान त्याच्या वयाने वाढला होता, आणि वय मात्र काल होतं तेवढंच होतं.

एका शनिवारी सकाळी आम्ही तिघं नदीवर गेलो. मुलगा बापाचे चिखलाचे बूट घालून पाण्यात उतरला. ते त्याला मोठे होत होते. वन्सं काठावर उभ्या राहिल्या, पिशवीतून तीळ काढून पाण्यात सोडले, आणि ठरल्याप्रमाणे भावाला सांगायला लागल्या.

“तुझा दगड नेतोय रे. ती विद्यापीठातली बाई येणार आहे बघायला. तूच फोटो पाठवलेस ना, मग आता कटकट करू नकोस. दाराला लावणार नाहीत, मी बोलले आहे.”

तेवढ्यात पुलावरून एक गृहस्थ कुत्रा घेऊन आले. हे रोज मला ‘सुंदर सकाळ’ म्हणणारे. त्यांनी पाण्यात मांडीपर्यंत भिजलेला माणूस बघितला, काठावर हात जोडलेली साडीतली बाई बघितली.

“काही हरवलंय का तुमचं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“माझा भाऊ,” वन्सं इंग्रजीतच म्हणाल्या.

गृहस्थांनी एकदा वाकून पाण्यात बघितलं. मग म्हणाले, “सकाळ मात्र सुंदर आहे,” आणि कुत्र्याला ओढत निघून गेले. वन्सं हसायला लागल्या. मग मीही. मुलगा पाण्यातून “व्हॉट? व्हॉट?” करत होता. नवरा गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र हसलो नव्हतो, आणि हसता हसता वन्संनी पदर डोळ्यांना लावला तेव्हा त्या हसत होत्या की नाही ते मी बघितलं नाही.

मुलाने दगड काठावर आणून टॉवेलवर ठेवला. त्याच्यावरचा चुना पाण्याने बराच सुटला होता. उरलेल्या रेघांमध्ये शेवाळ धरलं होतं. आणि त्यामुळे, माझ्या नवऱ्याला जे दाखवायला तिरका टॉर्च आणि अख्खी संध्याकाळ लागली होती, ते सरळ उन्हात हिरवं दिसत होतं. दोन दोऱ्या, एकीच्या खालून दुसरी, मग वरून, मग परत खालून, आणि कडेला तुटलेल्या.

वन्सं वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“ही तर रांगोळी आहे,” त्या म्हणाल्या. “ठिपक्यांची. अर्धीच राहिली.”

विद्यापीठातल्या बाई ठरल्या दिवशी आल्या. वयाने माझ्या मुलाएवढ्या, गुडघ्याला फरशी बसवणारे लावतात तसे पॅड बांधलेले. चर्चमधल्या टेबलावर दगड ठेवला होता. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला, भिंग लावलं, बोट फिरवलं. मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या मांडीवर पुस्तक होतं, पान एकच होतं.

“हे शेवाळ कसं?” त्यांनी विचारलं. “हा उघड्यावर होता का?”

“थोडा वेळ,” वॉर्डनबाई म्हणाल्या.

“क्रुसाच्या आडव्या हाताचा तुकडा आहे,” त्या म्हणाल्या. “नॉर्मन येण्याच्या आधीचा, यात शंका नाही. डॉक्टरांनी कळवलं होतं तसंच. अगदी तसंच.”

एवढंच. मला वाटलं होतं मला काहीतरी मोठं वाटेल. मला घरी जाऊन कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि मग लक्षात आलं की ज्याला सांगायचं तो घरी नाही. मी पान उलटलं.

दगड बसवायला वर्ष लागलं. दाराला लावताना कोणाची परवानगी लागली नव्हती, भिंतीत ठेवायला मात्र वरच्या कचेरीची लागली, वास्तुतज्ज्ञाची लागली आणि आणखी एक समिती होती, तिचं काम काय ते मला कळलं नाही. आता तो दक्षिणेच्या भिंतीत कोनाड्यात काचेमागे आहे, खाली छोटा दिवा, तिरका. पाटीवर लिहिलं आहे की हा प्राचीन क्रुसाचा भाग असून दीर्घकाळ दार उघडं ठेवण्यासाठी वापरला गेला, आणि चर्चच्या एका स्वयंसेवकाने तो ओळखला. पाटी चुकीची नाही. वापराची यादी जरा अपुरी आहे, एवढंच.

वन्संना मी मुद्दाम बोलावलं. त्या चर्चच्या दारात थांबल्या, चपला काढायच्या का ते विचारलं, नको म्हटल्यावर तरी काढल्या आणि मोज्यांनी आत आल्या. कोनाड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दिव्याचा प्रकाश विणीवर पडला होता. हात जोडतील असं मला वाटलं. त्यांनी हात कमरेवर ठेवले, लहान भाऊ घरी उशिरा आल्यावर ठेवत असतील तसे.

“जन्मभर बाहेर चपला सांभाळत उभा राहिलास,” त्या म्हणाल्या. “शेवटी बसलास ना देवळात.”

मागे दार आपटलं. वन्सं दचकल्या. प्रार्थनेची पुस्तकं पुन्हा सरकली होती. वॉर्डनबाई धावत आल्या, क्षमा मागितली, आणि म्हणाल्या की योग्य वस्तू अजून मिळत नाही. समितीपुढे विषय आहे.

“यांना एक दगड मिळत नाही?” वन्सं मला मराठीत म्हणाल्या. “अख्खं चर्च दगडाचं आहे.”

आमच्याकडे एक दगडी खल आहे. लग्नानंतर पहिल्यांदा इथं येताना सासूबाईंनी तो माझ्या सामानात घातला होता. विमानात वजन जास्त झालं म्हणून नवऱ्याने स्वतःचे स्वेटर काढून ठेवले, खल ठेवला, आणि पहिला हिवाळा कुडकुडत काढला. मिक्सर आल्यापासून त्यात वेलदोडेसुद्धा कुटले नव्हते. त्याला शेडच्या दाराशी ठेवलं होतं, पावसाचं पाणी साचायचं आणि पक्षी पीत.

पुढच्या रविवारी मी तो चर्चमध्ये नेला, पालथा घातला आणि दाराला लावला. दार थांबलं.

“किती छान,” वॉर्डनबाई म्हणाल्या. हा प्रकार मी पूर्वी ऐकला नव्हता. त्यांनी वाकून त्याच्यावर हात फिरवला. “जुना आहे का?”

“माझ्या सासूबाईंचा.”

“आणि तुम्हाला नक्की लागणार नाही? परत नको?”

“लागला तर रविवारच्या आत सांगेन,” मी म्हटलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथून कोनाडा दिसतो.